शिडीवरचा पाव

आलाइडानं लोणी पुन्हा एकदा बदललं. शनिवारी दुकानातून जास्तीचं चांगलं लोणी आणायचं, काचेच्या झाकणाखाली ठेवायचं, आठवडाभर वाट पाहायची आणि शुक्रवारी मुकाट्यानं त्याचा केक करून टाकायचा, असं जानेवारीच्या अखेरीपासून चाललं होतं. मान्स केक खायचा आणि काही बोलायचा नाही. चार वर्षांची नुबिया अर्धा केक खायची आणि अर्धा बाहीत सरकवायची. ज्यांच्यासाठी लोणी आणलेलं असायचं ते मात्र फिरकत नव्हते.

ब्रुकहूक या खेड्यात कुणाकडे मूल झालं की शेजारी मनुकांचा पाव घेऊन येतात. हा पाव काही साधासुधा नसतो. माणसाएवढा लांब, मनुकांनी ठासून भरलेला, आणि हातात धरवत नाही म्हणून शिडीवर आडवा घालून, शिडीची टोकं खांद्यावर घेऊन, वाजतगाजत आणलेला. पाव शेजाऱ्यांचा, लोणी, कॉफी आणि ब्रँडीत भिजवलेल्या मनुका घरच्यांच्या. आलाइडानं मनुका मागच्या शरद ऋतूतच बरणीत भिजत घातल्या होत्या. त्या आता इतक्या फुगल्या होत्या की बरणीत चमचा जाईना.

अकरा वर्षांत तिनं दुसऱ्यांच्या घरी असे कितीतरी पाव खाल्ले होते. एकदा तर शिडीला खांदाही दिला होता, आणि वाटेत ठेचकाळून अख्खा पाव ओढ्यात घालवायची वेळ आणली होती. लोक अजून हसायचे. त्यामुळे पाव कसा येतो हे तिला चांगलं ठाऊक होतं. आपल्या दारी तो का येत नाही, एवढंच कळत नव्हतं. किंवा कळत होतं, आणि ते मनात आलं की हातातली भांडी जोरात आपटली जायची.

आलाइडा मूळची पश्चिमेकडच्या लायडन शहरातली. तिथल्या दवाखान्यात ती नर्स होती आणि लष्करी नोकरीत पाय मोडून घेतलेला मान्स तिच्या वॉर्डात येऊन पडला होता. लग्न करून ती इथं आली, गाईंचं दूध काढायला शिकली, लाकडी बूट घालून चिखलात चालायला शिकली, पण ब्रुकहूकच्या लेखी ती अजून पश्चिमेकडचीच. "इथं माणूस घरचा व्हायला दोन पिढ्या लागतात," पलीकडच्या शेतावरची सीनामावशी एकदा म्हणाली होती, आणि तेही धीर देण्यासाठी.

नुबिया आली ती मान्सच्या आत्यामुळे. आत्या नन होती. कोलंबियात डोंगरातल्या एका गावी ती बेवारस मुलांचं घर चालवायची आणि कधीतरी पाच-सहा वर्षांनी सुट्टीवर माहेरी यायची. शेवटच्या सुट्टीत याच टेबलाशी कॉफी ढवळत ती म्हणाली, "माझ्याकडे एक पोरगी आहे, तिला बघायला कुणी येत नाही. तुमच्याकडे वर एक खोली आहे, तिथं कुणी झोपत नाही. मग घोडं अडलंय कुठं?"

घोडं कागदांत अडलं. मध्ये संस्था नाही, मध्यस्थ नाही. इकडे हे दोघं, तिकडे आत्या आणि तिच्या ओळखीचा एक वकील. दीड वर्ष कागद या कचेरीतून त्या कचेरीत हिंडत राहिले. काम शेवटच्या घटकेला फिसकटलं तर काय, म्हणून दोघांनी कुणाला काही सांगितलं नाही. एकदा दुधानं तोंड पोळलेली माणसं ती, ताकही फुंकून पीत होती. नऊ वर्षांपूर्वी त्यांना मुलगा झाला होता आणि दुसऱ्या दिवशी गेला होता. त्यानंतर मूल झालं नाही आणि त्याबद्दल बोलणंही झालं नाही. मुळात न बोलण्यात इथल्या माणसांचा हात कुणी धरणार नाही. एक वाक्य बोलायचं तर यांच्या खिशातून जणू पैसे जातात.

अखेर डिसेंबरात आलाइडा विमानात बसून गेली आणि जानेवारीत पोरीला घेऊन परत आली. काळेभोर केस, गव्हाळ रंग, हातापायांच्या काड्या. पहिले दोन आठवडे ती टेबलाखाली बसून जेवली. पुढं टेबलाशी बसायला लागली, पण पावाचा निम्मा तुकडा बाहीत जायचा आणि तिथून वर तिच्या उशीखाली. आलाइडानं पहिल्यांदा उशी उचलली तेव्हा वाळलेल्या तुकड्यांची रांग पाहून ती पलंगावर मटकन खाली बसली आणि पोटभर रडली. मग डोळे पुसून तिनं तुकडे होते तसे परत ठेवले, फक्त बुरशी धरलेले तेवढे काढले. ज्या घरात उद्याची खात्री नसते तिथं माणूस साठवण करतो. पोरीला अजून खात्री नव्हती, त्याला ती तरी काय करणार?

आणि खात्री पटावी तरी कशी? शेजारी रस्त्यात हात करायचे. दुधाचा टँकरवाला भोंगा वाजवायचा. पण दारातून आत कुणी आलं नाही. काही जण टक लावून बघायचे, आणि दोन-चार माणसं तोंड वाकडं करणारीही होती, नाही असं नाही. ती कुठं नसतात? पण बाकीचे? ज्यांच्या पोरांना आलाइडानं इंजेक्शनं दिली, ज्यांच्या म्हाताऱ्यांच्या जखमा बांधल्या, ते?

मार्चमधल्या एका शनिवारी ती नुबियाला घेऊन बेकरीत गेली. बेकरीणबाईंनी पाव कागदात गुंडाळला, बरणीतून एक बिस्किट काढलं आणि काउंटरवरून वाकून म्हणाल्या, "आणि हे आमच्या पाहुणीला."

आलाइडानं पैसे दिले, आभार मानले, पोरीला सायकलच्या पुढच्या खुर्चीत बसवलं आणि घरी येईपर्यंत इतक्या जोरात पायडल मारलं की नुबियाची टोपी उडून गेली.

मान्स गोठ्याच्या दारात लाकडी बूट झटकत होता.

"पाहुणी म्हणतात तिला," आलाइडा म्हणाली. "तुझी माणसं. पाहुणी!"

"कोण म्हणालं?"

"कोण म्हणालं नाही ते विचार. सोनेरी केसांची असती ना, तर तिसऱ्या दिवशी शिडी दारात उभी राहिली असती. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं!"

"तसं नाहीये ते, आलाइडा."

"मग कसं आहे? सांग ना!"

मान्सनं बुटाचा तळ बघितला, जणू उत्तर तिथं चिकटलं होतं.

"हे बघ," ती आवाज उतरवून म्हणाली, "मी अकरा वर्षं बाहेरची म्हणून राहिले, पुढंही राहीन. माझं काही अडत नाही. पण हिला मी तसं वाढवणार नाही. ईस्टरनंतर तिची शाळा सुरू होईल. तोपर्यंत या लोकांनी तिला घरची मानलं तर इथल्या शाळेत. नाही तर मी तिला घेऊन लायडनला जाईन. बहिणीकडे जागा आहे, दवाखान्यात काम आहे. तू रविवारी येत जा."

हे तिनं रागानं म्हटलं असतं तर मान्सनं मनावर घेतलं नसतं. पण ती शांतपणे म्हणाली आणि टोपी शोधायला परत रस्त्यावर गेली. 

ईस्टर दहा-बारा दिवसांवर आला असताना एका दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीवर थापा पडल्या. बाहेर सीनामावशी, ॲप्रनवर कोट चढवलेला, धापा टाकत.

"मान्स कुठाय? गाय अडलीय आमची. ग्राड्सच्या एकट्याच्यानं होत नाही."

सीनामावशी आणि तिचा नवरा ग्राड्स हे मान्सचे पहिले शेजारी. इथं पहिला शेजारी म्हणजे सख्ख्या भावाच्या वरचा. घरात मरण आलं तर तो प्रेताला अंघोळ घालतो, लग्न असलं तर तो पाहुणे बोलावतो, आणि त्याची गाय अडली तर हातातलं टाकून धावायचं असतं. गेले दोन महिने ज्या बाईनं घरात पाऊल टाकलं नव्हतं तिला दोन शब्द सुनवावेत असं आलाइडाच्या ओठावर आलं होतं. पण मान्स तालुक्याच्या गावी गेला होता आणि गाईनं तिचं काय घोडं मारलं होतं? तिनं बाह्या सरसावल्या, नुबियाला काखोटीला मारलं आणि मावशीच्या मागून निघाली.

ग्राड्सकाका गोठ्यात गुडघ्यावर बसले होते. सत्तरीचे गृहस्थ, झोपतानासुद्धा टोपी काढतात की नाही अशी शंका यावी असे. त्यांनी आलाइडाकडे बघितलं, "हं" म्हणाले आणि दोरीचं एक टोक तिच्या हातात दिलं. मग गायीच्या कळेबरोबर ओढायचं, थांबायचं, पुन्हा ओढायचं. शेवटी वासरू एकदम पेंढ्यावर येऊन पडलं, कालवड होती. काकांनी तिचं नाक पुसलं, पेंढीनं अंग घासलं. तिनं शिंकून डोकं वर केलं. कोपऱ्यात उभी असलेली नुबिया हळूहळू पुढं आली आणि कालवडीच्या ओल्या कपाळावर तिनं बोट ठेवलं. घरात आल्यापासून पोर पहिल्यांदा मोठ्यानं हसली.

हात धुऊन सगळे स्वयंपाकघरात आले. सीनामावशीनं कॉफी ओतली, पोरीपुढं लोणी लावलेला पाव ठेवला. नुबियानं निम्मा खाल्ला, निम्मा बाहीत घातला. मावशीनं ते पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम बदलला.

"फ्रान्झलपण असंच करायचा," ती म्हणाली.

"कोण फ्रान्झल?"

"ऑस्ट्रियाचा पोरगा. लढाईनंतर नाही का, तिकडची उपाशी पोरं आगगाडीनं आली होती, खाऊन-पिऊन धष्टपुष्ट व्हायला? आम्ही एक घेतला होता. गादीखाली पाव ठेवायचा. शरदात गेला परत. मी स्टेशनवर इतकी रडले की स्टेशनमास्तरनं खुर्ची आणून दिली." मावशीनं नुबियाच्या कपाळावरची बट मागं सारायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. "म्हणून या खेपेला म्हटलं, जीव लावायचाच नाही. ही कधी जायचीय? उन्हाळ्यात?"

आलाइडाच्या हातातला कप बशीवर टेकला. "जायचीय? कुठं?"

"घरी तिच्या."

"मावशी, ती घरीच आहे! आम्ही दत्तक घेतलीय तिला. कायद्यानं. मुलगी आहे ती आमची!"

मावशी नवऱ्याकडे बघायला लागली. ग्राड्सकाकांनी कॉफीचा घोट घेतला, मिशी पुसली आणि टेबलावर सावकाश थाप मारली.

"मी काय म्हणत होतो तुला?" ते बायकोला म्हणाले. "पाहुणीला आणायला कुणी विमानानं जातं का?"

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं?" आलाइडाचा आवाज चढला. "कळलं होतं आणि तरी तुम्ही आला नाहीत?"

"कळणं वेगळं, सांगणं वेगळं," काका म्हणाले. "इथं कोण आलं होतं सांगायला? मूल झालं की घरधन्यानं पहिल्या शेजाऱ्याकडे यायचं, सांगायचं. मग मी घरोघर जाणार, मग बेकरीत जाणार. मला कुणी सांगितलंच नाही तर मी काय सांगत सुटू? माझ्या शेजाऱ्याकडे मूल झालंय असं मला दुधाच्या टँकरवाल्याकडून कळलंय, हे?"

"मग विचारायचं ना हो!"

"विचारायचं?" काकांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिनं चर्चमध्ये गाय बांधायला सांगितली होती. "मूल झालं का, असं शेजाऱ्यानं विचारायचं? ती काय रीत झाली?"

"त्यांनी शिडी जानेवारीतच धुतलीय," सीनामावशी हळूच म्हणाली. "दोनदा. मी विचारलं, आत्ता कशाला? तर म्हणे कबुतरं घाण करतात."

काकांचे कान लाल झाले. टोपी पुढं ओढून ते खिडकीबाहेर बघायला लागले. मान्सच्या बापाला यांनी शेवटची अंघोळ घातली होती. मान्सला सायकल यांनी शिकवली होती. दोन महिने हा माणूस खिडकीत बसून वाट बघत होता आणि दोन महिने तो पाठ फिरवतोय असं समजून आलाइडा लोण्याचे केक करत होती. बोलणाऱ्याचे हुलगे विकले जातात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात म्हणतात ते हेच. तिला हसावं की रडावं कळेना.

"मग आत्ता सांगते मी," ती म्हणाली. "ग्राड्सकाका, आमच्याकडे—"

काकांनी हात वर केला. "तू नाही पोरी. त्यानं सांगायचं असतं."

संध्याकाळी दूध काढून झाल्यावर आलाइडा गोठ्यातच मान्सच्या समोर उलट्या बादलीवर बसली आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "मी इथली नव्हे, मला ती रीत माहीत नव्हती. पण तू? तू तर इथंच जन्मलास. तुला ठाऊक होतं आणि तू मला रोज वाट बघू दिलीस!"

मान्सनं गायीच्या पाठीवर हात फिरवला.

"त्या वेळी मी गेलो होतो सांगायला," तो म्हणाला. "पहाटे. आठवतं? काका तेव्हाच सायकल काढून सगळीकडे सांगून आले, बेकरीतही. मग दुसऱ्या दिवशी मी परत गेलो. दुसरं सांगायला."

आलाइडाला पुढचं ऐकायचं नव्हतं आणि ती ऐकत राहिली.

"पाव भट्टीतून निघाला होता तोवर. काकांच्या पडवीत शिडीवरच ठेवला होता. नंतर शवपेटीचं बोलायला मी त्यांच्या मागच्या अंगणात गेलो, तर ते डुकरांच्या गोठ्यापाशी उभे. तो पाव एकेक तुकडा तोडून आत टाकत होते. आणि रडत होते. ग्राड्सकाका, आलाइडा! त्यांनी मला पाहिलं नाही. मी तसाच परत आलो." त्यानं नाक ओढलं. "त्या दारात उभं राहून मूल आलंय म्हणायचं, मला जमत नाही. वाटतं, तोंडातून शब्द निघाला की पुन्हा तसंच होईल. वेडेपणा आहे, कळतं मला."

नऊ वर्षं ही गोष्ट तो एकटा पोटात घेऊन हिंडत होता. आलाइडाचा राग कुठल्या कुठं गेला. ती उठली आणि त्याच्या शेणानं भरलेल्या सदऱ्याला गाल लावून उभी राहिली.

"वेडेपणाच आहे," ती म्हणाली. "पण मान्स, 'तू इथली आहेस' असं मी तिला सांगून काय उपयोग? मीच कुठं इथली आहे? ते फक्त तू सांगू शकतोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मान्सनं दाढी केली, रविवारचं जाकीट चढवलं आणि नुबियाचा हात धरून निघाला. आलाइडा खिडकीशी उभी राहिली. दोन शेतांच्या मधून ओढ्याच्या कडेनं पायवाट जाते आणि मध्यावर एक जुना ओक आहे. ओकापर्यंत तो नीट चालला. मग थांबला. टोपी काढली, पुन्हा घातली. मागं वळून घराकडे बघितलं. आलाइडानं पडदा मुठीत गच्च धरला. आता हा परत येणार, असं तिला वाटलं आणि ईस्टर, शाळा, लायडनची गाडी सगळं डोळ्यांपुढून सरकलं.

पण नुबियाला थांबायला वेळ नव्हता. तिला पलीकडच्या गोठ्यातली कालच झालेली कालवड बघायची होती. तिनं मान्सची दोन बोटं दोन्ही हातांनी धरली, टाचा मातीत रोवल्या आणि सगळं अंग मागं टाकून त्याला ओढलं, काल आईनं आणि काकांनी दोरी ओढली तसं. मान्स एक पाऊल पुढं आला. मग दुसरं. मग तो तिच्या मागून चालायला लागला.

दारात ग्राड्सकाका उभे होते; ते पहाटेपासूनच उभे असावेत. मान्स काहीतरी बोलला. काकांनी टोपी काढली. त्यांचं टक्कल आलाइडानं अकरा वर्षांत दुसऱ्यांदा पाहिलं. मग टोपी डोक्यावर गेली, काका पडवीत गेले आणि सायकल घेऊन बाहेर आले.

मान्स परत आला तेव्हा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. "काय म्हणालास?" तिनं विचारलं.

"म्हटलं, ग्राड्सकाका, आमच्याकडे मुलगी आली आहे."

"आणि ते?"

"म्हणाले, वजन किती?"

"काय?"

"तसंच विचारतात गं. मी म्हटलं, चौदा किलो. ते म्हणाले, चांगलं आहे. मग म्हणाले, बाळंतीण बरी आहे ना?"

आलाइडा हसायला लागली. हसता हसता खुर्चीत बसली, ॲप्रन तोंडावर घेतला, आणि ॲप्रन बाजूला केला तेव्हा डोळे वाहत होते. "सांग त्यांना," ती म्हणाली, "बाळंतीण ठणठणीत आहे."

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी दुपारी ते आले. आधी नुसता गलका ऐकू आला, मग ओकामागून शिडी दिसली. पुढच्या टोकाला ग्राड्सकाका, मागच्या टोकाला बेकर स्वतः, मध्ये दोन्ही बाजूंनी शेजारी, कारण हा पाव नेहमीचा नव्हता. त्यावरून आठवडाभर भांडणं झाली होती. नवजात बाळाला माणसाएवढा पाव, तर चार वर्षांच्या मुलीला केवढा? कुणी म्हणालं, तेवढाच. काका म्हणाले, चार वर्षांची थकबाकी आहे. बेकर म्हणाला, माझ्या भट्टीची खोली मी वाढवू शकत नाही. शेवटी दोन भाजून त्यानं ते जोडले होते आणि सांधा कुठं आहे ते ओळखून दाखवा असं वाटभर आव्हान देत होता. भेटवस्तू मात्र रीतीप्रमाणेच होत्या. कुणी खुळखुळा आणला, कुणी लाळेरं. लाळेरं नुबियानं लगेच मांजराच्या गळ्यात बांधलं.

बेकरीणबाई आलाइडापाशी येऊन कुजबुजल्या, "त्या दिवशी मी पाहुणी म्हणाले ना... मला काय माहीत, बाई."

"मलाही कुठं काय माहीत होतं," आलाइडा म्हणाली आणि त्यांच्या पेल्यात चमचाभर जास्तीच्या मनुका घातल्या.

टेबलावर पाव मावेना म्हणून गोठ्याचं दार काढून तिवयांवर घातलं होतं. घर माणसांनी भरलं. मान्सनं सुरी चालवली, आलाइडानं लोणी लावलं, जाड, पांढरं, कालच आणलेलं. नुबिया पावाच्या कडेला उभी होती. पाव तिच्याहून लांब होता. अशी वस्तू जगात असते हेच तिला ठाऊक नव्हतं. तिनं एका मनुकेला हळूच बोट लावून पाहिलं.

पण मग ती बघत राहिली तसा पाव कमी व्हायला लागला. माणसं खात होती, हसत होती, पुन्हा हात पुढं करत होती. अर्धा संपला. तिसरा हिस्सा उरला. पोरीचा चेहरा बारीक होत चाललेला आलाइडाला माणसांच्या गर्दीतून दिसला. ती सुरी ठेवून पुढं सरकली तोवर नुबिया तिथं नव्हती. जिन्यावर पावलं वाजली. गेली, आलाइडाच्या मनात आलं, घाबरली, आता ती उशीवर पडून राहील आणि खाली येणार नाही. आपण तिला आधी समजावून सांगायला हवं होतं.

ती जिन्यापाशी पोचली आणि थांबली. नुबिया वरून उतरत होती, एकेक पायरी, फ्रॉकचा ओचा दोन्ही हातांनी धरून. ती आलाइडाच्या बाजूनं गेली, माणसांच्या पायांमधून वाट काढत टेबलापाशी आली आणि ओचा रिकाम्या थाळीत ओतला. काळ्या पावाचे वाळलेले तुकडे, केकचे चुरगळलेले काठ, बेकरीतलं बिस्किट, सीनामावशीच्या घरचा लोणी लावलेला निम्मा पाव. उशीखालची सगळी साठवण. इतकी माणसं घरी आलेली, आणि पाव संपत आलेला. तिनं थाळी उचलली आणि सगळ्यात आधी ग्राड्सकाकांपुढं धरली.

 "तिच्या उशीखालचं आहे ते," आलाइडा म्हणाली. 

काकांनी थाळीत बघितलं. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, दगडासारखा एक तुकडा निवडला, कॉफीत बुडवला आणि सावकाश चावून खाल्ला. "चांगला आहे," ते म्हणाले. थाळी पुढं गेली. बेकरनं एक घेतला, स्वतः भाजलेल्या पावाकडे न बघता. मग शेजारी, मग शेजारणी, एकेक करून.

सीनामावशीपुढं थाळी आली तेव्हा मावशीचे दोन्ही हात मांडीत होते. तिनं पोरीकडे पाहिलं, मग थाळीतल्या आपल्याच घरच्या पावाच्या तुकड्याकडे. तो उचलून तिनं तोंडात घातला आणि मोकळ्या झालेल्या हातानं नुबियाच्या कपाळावरची बट मागं सारली. या वेळी हात मागं घेतला नाही.

"घ्या गं, लाजू नका," ती घास गिळून बाकीच्यांना म्हणाली, डोळे पुसत. "घरची लेक वाढतेय. पाहुणे आपण आहोत."

मान्स भिंतीशी उभा होता. थाळी त्याच्यापर्यंत आली तेव्हा तीत नुसता चुरा उरला होता. त्यानं तो बोटानं टिपून खाल्ला. नुबियानं रिकामी थाळी उलटी करून बघितली, आलाइडाच्या हातात दिली आणि बाहेर मांजर शोधायला गेली.